कांताच्या अठरा कुंड्या

कांताच्या हातून वस्तू टाकली जात नसे. दांडी तुटलेला कप असो, नाही तर झिजून बोटाएवढा राहिलेला विळा असो, ती तो दोनदा उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "असू दे. कशाला तरी होईल." अशा कशाला तरी होणाऱ्या वस्तूंची एक काळी पत्र्याची ट्रंक तिच्याजवळ होती. पठाणकोट, झाशी, जबलपूर करत सहा बदल्यांत ती ट्रंक संसाराबरोबर फिरली. तिच्यात मच्छरदाणीच्या लोखंडी दांड्या होत्या, सायकलच्या फाटक्या ट्यूबा होत्या, आणि लेकीची, प्रज्ञाची, लहानपणची तीनचाकी सायकल सुटी करून वर्तमानपत्रात बांधून ठेवलेली होती.

"फौजेच्या भंगारात एवढा माल नसेल," तिचा नवरा मुरलीधर म्हणायचा. त्याला तसं बोलायचा हक्क होता. माण तालुक्यातल्या एका खेड्यातून तो भरती झाला आणि चोवीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात ट्रक नि जीपा खोलून जोडून नायब सुभेदार म्हणून सुटला.

"तुम्ही फौजेतून सुटलात. ट्रंक अजून ड्युटीवर आहे," कांता म्हणायची.

सुटल्यावर त्याला मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. मानेसर म्हणजे तेव्हा उकरलेली माती आणि मधूनमधून नव्या कोऱ्या शेड. तिथे बायकामुलांना न्यावं असं काही नव्हतं. तो चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी तीन बस बदलून नोएडाला घरी यायचा. घर नोएडाला केलं ते प्रज्ञाच्या शाळेसाठी. फौजींच्या मुलांना तिथे प्रवेश मिळत होता.

प्रज्ञाची ही सातवी शाळा. दर दोन-तीन वर्षांनी नवा वर्ग, नव्या बाई, आणि "तू नवीन आहेस का?" हा तोच प्रश्न. नववीत नाव घातलं त्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "आई, ही शेवटची ना?"

"शेवटची. दहावी इथूनच. देवाशपथ."

कांता शपथा घेणारी बाई नव्हती. जन्मात एकदा घेतली ती ही.

घर होतं भसीन आंटींचं. सेक्टरातला कोपऱ्यावरचा प्लॉट, खाली दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि पुढे चांगलं ऐसपैस लॉन. आंटींच्या नवऱ्यानं भिंतींना रंग लागायच्या आधी ते गवत लावलं होतं. घर पुरं झालं आणि माणूस गेला. आंटींना मग तिथे राहवेना. त्या लाजपतनगरला मुलाकडे, हरीशकडे, राहायच्या. पण दर कार्तिकी पौर्णिमेला आपल्या ओळखीच्या बायका घेऊन त्या यायच्या आणि त्या गवतावर सत्संग करायच्या. घर देतानाच त्यांनी सांगितलं होतं, "पुत्तर, मुझे किराए की उतनी फ़िक्र नहीं. घास की है."

पहिलं वर्ष ठीक गेलं. माळी यायचा, आपलं यंत्र आणायचा, कापून जायचा. दुसऱ्या वर्षी माळ्याला कुणाच्या तरी फार्महाउसवर कायमचं काम लागलं आणि तो येईनासा झाला. मे महिन्यात आंधी आली, धुळीचं ते पिवळं वादळ, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ओळीनं मांडलेल्या आंटींच्या मातीच्या अठरा कुंड्या एकदम खाली आल्या. पाऊस संपेपर्यंत गवत गुडघ्याला लागलं.

भाद्रपदात आंटी आणि हरीश आले. हरीश चाळिशीचा, बोलायला मोकळा, पण घाईचा माणूस. फाटकातूनच म्हणाला, "मम्मी, ये जंगल हटाओ. टाइल लगवा देते हैं. एक कंप्यूटर वाली कंपनी दफ़्तर के लिए पूछ रही है."

तेव्हा त्या सेक्टरात हेच चाललं होतं. आज घर, उद्या दारावर कंपनीची पाटी आणि बाहेर चार मोटारी.

आंटी बराच वेळ गवताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूर्णिमा तक देखते हैं. सत्संग के दिन घास ठीक मिली तो ये लोग रहेंगे. नहीं तो फिर तू जाने."

मुरलीधरला हे शनिवारी कळलं. त्यानं सगळीकडे चौकशी केली. त्यांना झेपेल असं दुसरं घर शाळेच्या जवळपास नव्हतं. "हे गेलं तर प्रज्ञाला गावी वहिनीकडे ठेवावं लागेल," तो हळू आवाजात म्हणाला. प्रज्ञा आतल्या खोलीत भूमिती सोडवत होती. तिच्या कंपासपेटीचा आवाज थांबला, एवढंच कांताला ऐकू आलं.

खंडेनवमीला मुरलीधर रजा काढून आला. वर्कशॉपात दर वर्षी या दिवशी पाने-हातोडे पुजायची त्याची सवय. घरात त्यानं आपले दोन पाने आणि पक्कड पाटावर ठेवली. कांता म्हणाली, "थांबा," आणि शेडची किल्ली घेऊन मागे गेली. एकेक करून तिनं आंटींचं तिथे पडून राहिलेलं सगळं अंगणात आणलं: गवत कापायची ढकलमशीन, तिची गोल फिरणारी पाती गंजून घट्ट बसलेली. चाक नसलेली हातगाडी. तोंड हरवलेली झारी. तीन ठिकाणी फाटलेला रबरी पाइप. मूठ नसलेलं खुरपं.

"ही काय हत्यारं म्हणायची?" मुरलीधर हसायला लागला. "हे तर दवाखान्यातले पेशंट!"

"पेशंट तर पेशंट. उद्या त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचंय."

तिनं फडक्यानं धूळ पुसली, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, मशीनच्या दांड्याला झेंडूचं फूल बांधलं. तिचं देवाशी बोलणं नेहमी मनातल्या मनात आणि मोजकं असायचं. ‘हत्यारं जुनी आहेत, देवीबाई. हात माझे आहेत. पुढचं तू बघ.’

दसऱ्यानंतर घराचं वर्कशॉप झालं. मुरलीधरनं एक युक्ती काढली. रविवारी तो एका यंत्राची नाडी बघायचा, काय करायचं ते वहीच्या कागदावर लिहून द्यायचा, आणि आठवडाभर कांता ते करायची. कागद देवघराशेजारी खिळ्याला टांगलेला असायचा. ‘१. तेल सोडणे. २. रात्रभर ठेवणे. ३. जोर न करणे.’ तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा. बायकोचा स्वभाव त्याला ठाऊक होता.

पाइप सगळ्यात आधी झाला. फाटला तिथे कापायचा, आत मच्छरदाणीच्या दांडीचा चार बोटं तुकडा घालायचा, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची. तिन्ही जोड असे बसले की नळ पुरता सोडला तरी थेंब गळेना. झारीला दूधपावडरच्या डब्याचं झाकण खिळ्यानं भोकं पाडून बसवलं. हातगाडीच्या चाकासाठी ट्रंकेतलं तीनचाकीचं पुढचं चाक बाहेर आलं.

"आई, ती माझी सायकल आहे!" प्रज्ञा म्हणाली.

"मग बस तिच्यावर. शाळेत जा."

प्रज्ञा हसली. बऱ्याच दिवसांनी. आणि अभ्यास सोडून चाकाचा आस धरायला आली.

"आई, हे पानी डालने का... हजारा, तो कुठे ठेवू?"

"झारी म्हण गं. हजारा काय!"

"बरं, झारी. आणि हे गमले?"

"कुंड्या! गमले काय, कुंड्या म्हणावं. दिल्लीत राहिलो म्हणून घरातसुद्धा मराठी विसरायची का? दहादा म्हण, कुंड्या."

"कुंड्या, कुंड्या, कुंड्या," प्रज्ञा चाकाला ग्रीस लावत म्हणत राहिली. "पण आई, शाळेत मी कुंडी म्हटलं ना..."

"शाळेत काय म्हणायचं ते म्हण. घरात कुंडी."

आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

कुंड्यांचं मात्र कांताच्या मनाला लागलं होतं. बाकी सगळं आधीच जुनं होतं, पण कुंड्या त्यांच्याकडे असताना फुटल्या. अठरातल्या दोन, दाराजवळच्या, पार चुरा झाल्या. सोळा तिनं तुकडे जुळवून, गळ्याला आणि पोटाला तार आवळून, चिरांत सिमेंट भरून पुन्हा उभ्या केल्या आणि त्यांत झेंडू लावला. पण आंटींना ते सांगितलं नव्हतं; भाद्रपदात त्या आल्या तेव्हा त्यांची नजर गवतावरच होती. मे गेला, दसरा गेला. दिवाळीत संध्याकाळी निरांजन लावताना तिच्या मनात रोज तेच यायचं. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात फुटली आणि आपण तोंड मिटून बसलो.

भाऊबीज झाली, पौर्णिमेला आठ-दहा दिवस उरले, तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी ती बाजारातल्या फोनच्या बूथवर गेली. बाहेर कुणी उरलेले फटाके वाजवत होतं. एका कानात बोट घालून ती मोठ्यानं बोलली.

"आंटीजी, मैं कांता. एक बात बोलनी थी. वो सब कुंडियां टूट गई थीं."

"क्या टूट गईं?"

"कुंडियां! अठरा की अठरा!"

"हाय रब्बा! किसने तोड़ीं?"

"आंधी में गिरीं. आप टेन्शन मत लो, मैंने तार से बांध दिया है. दरवाजे के पास की दो बिल्कुल गई, वो फेंक दी."

 पलीकडून आंटींचा बारीक आवाज आला, "तो रात को क्या करते हो?"

"रात को क्या करना है? खुली रहती हैं. दंव, वो ओस लगती है ना, अच्छा होता है."

तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली आणि फोन कट झाला. पण कांताच्या छातीवरचा दगड उतरला. खरं ते सांगून झालं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार, पण मुरलीधरला जादा पाळी होती, तो आला नव्हता. कांतानं सकाळीच मशीन बाहेर काढली. तिच्यावर तिनं दोन आठवडे घालवले होते. तेल पाजून पाजून पाती सुटी केली. मग कागदावर लिहिल्याप्रमाणे भांडी घासायची पावडर मोहरीच्या तेलात कालवून पात्यांना फासली, आणि पाती उलटी फिरवत फिरवत धार लावली. पात्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद धरला की कर्र करून सरळ कापला जायचा. प्रज्ञानं एक अख्खी रविवारची पुरवणी त्या नादात कापून टाकली होती.

पण दांडा! दांडा मशीनला दोन्ही बाजूंनी जाड खिळीनं अडकवलेला होता, आणि डावीकडची खीळ झिजून तुटली होती. तार बांधावी तर दहा पावलांत ती तुटायची आणि दांडा हातात यायचा. ट्रंकेतल्या दांड्या पोकळ, त्या वाकायच्या. बाजारातली खीळ त्या जुन्या भोकात बसायची नाही. अर्धं लॉन कापून झालं होतं, अर्धं केसाळ. न्हाव्यानं मधेच सोडून दिलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. पाचव्यांदा तार तुटली तेव्हा कांता मशीनशेजारी मातीत बसली. ‘देवा, इथपर्यंत आणलंस,’ तिच्या मनात आलं, ‘आता एका खिळीसाठी नको रे अडवूस.’

त्याच वेळी फाटकाशी मोटार थांबली. हरीश उतरला, पाठोपाठ आंटी. आंटींचे केस विंचरलेले नव्हते. हरीशच्या हातात जड पिशवी आणि स्क्रूड्रायव्हर.

कांता तुटकी तार हातात घेऊन उठली. हे आज कसे? आणि लॉन असं!

"बेटी, तुम लोग ठीक हो ना? कोई अंदर तो नहीं आया?" आंटींनी तिचे दोन्ही दंड धरले.

"कौन अंदर आएगा?"

हरीश दाराशी गेला. दार ढकललं, ओढलं, वरची कडी लावली, काढली. खालची लावली, काढली. दुसऱ्या दाराशी गेला. मागे वळून म्हणाला, "मम्मी, यहां तो सब कुंडियां लगी हुई हैं!"

"लेकिन इसने बोला अठारह टूट गईं! तार से बांधी हैं! रात को घर खुला रहता है! मैं सारी रात सोई नहीं."

कांताला काही उमगेना. ती कठड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बांधी हैं ना. वो देखो, सोलह. दो फेंक दी."

तारेनं आवळलेल्या सोळा कुंड्या, झेंडूनं भरलेल्या, उन्हात उभ्या होत्या.

आतून प्रज्ञा धावत आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आई गं! हिंदीत कुंडी म्हणजे दाराची कडी! मी तेव्हाच सांगत होते." मग आंटींकडे वळून, "आंटीजी, मराठी में कुंडी मतलब गमला. गमले टूटे थे, गमले!"

 मग हरीशनं पिशवी व्हरांड्याच्या फरशीवर पालथी केली. लोखंडी कड्या खळखळत बाहेर पडल्या, लहान, मोठ्या, सरकवायच्या, अडकवायच्या. "इतवार की सुबह दुकान खुलवाई मैंने," तो म्हणाला. "अठारह पीस!"

आंटी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "गमले ओस में! और मैं सोच रही थी, ये औरत पागल हो गई है, कहती है दरवाज़े खुले अच्छे होते हैं!"

कांताही हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. कड्यांच्या ढिगात एक लांब, जाड सरकती कडी पडली होती. तिनं ती उचलली. सळई सरकवून बाहेर काढली. बोटानं जाडी बघितली. मग मशीनकडे गेली, दांडा जागेवर धरला आणि सळई भोकात घातली. ती आरपार गेली. सळईला धरायला असलेला वाकडा कान एका बाजूनं अडला. दुसऱ्या बाजूनं तिनं तार गुंडाळून पीळ दिला.

दांडा हलवला. हलला नाही.

"बघू," म्हणून ती दहा पावलं ढकलत गेली. मग वीस. कापलेलं गवत पात्यांमागून फवाऱ्यासारखं उडत होतं.

आंटी उठून जवळ आल्या. दांड्याला अजून खंडेनवमीचं झेंडूचं फूल होतं, वाळून तपकिरी झालेलं. मशीनच्या कपाळावर, तिला कपाळ असलं तर, हळदकुंकवाचं बोट. "ये क्या है?"

कांतानं आपल्या हिंदीत सांगितलं की नवमीला आम्ही हत्यारं पुजतो, ही काम करतात म्हणून. "पुरानी थीं. पर काम करेगी ना, तो पूजा तो करनी पड़ेगी."

 दांड्याच्या मुठीवर काळ्या रबराची जुनी पट्टी गुंडाळलेली होती. कांतानं ती तशीच ठेवली होती, कारण मजबूत होती. आंटींनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "ये इन्होंने बांधी थी. मैंने कहा था, नई ले लो. कहते थे, अभी चलेगी."

कांतानं तेव्हा धीर केला. एरवी ती मागणारी बाई नव्हती. "आंटीजी, मेरी लड़की ने छे स्कूल बदले हैं. मैंने उसको बोला है, ये आखरी. मार्च में उसकी बोर्ड है. घास मैं संभालूंगी. हमको यहीं रहने दो."

प्रज्ञा कठड्याला टेकून उभी होती. तिच्या हातातली वही मिटलेली होती.

 आंटी मुलाला म्हणाल्या, "हरीश, जूते उतार. बाकी की घास तू काट."

"मैं? मम्मी, ये मशीन म्यूज़ियम वाली..."

"काट."

हरीशनं बूट काढले, पँट दुमडली आणि मशीन ढकलायला लागला. पहिली ओळ नागमोडी गेली. "सीधी चला, पुत्तर," आंटी ओरडल्या. मग कांताला म्हणाल्या, "इसके पापा भी ऐसे ही टेढ़ी चलाते थे." तिसऱ्या ओळीला हरीशचा हात बसला. पाचव्या ओळीला प्रज्ञा हातगाडी घेऊन मागोमाग गवत गोळा करायला लागली आणि तो तिला विचारू लागला, "ये पहिया किस चीज़ का है?"

दुपारी सगळ्यांनी व्हरांड्यात बसून पिठलं-भाकरी खाल्ली. त्या वर्षी दिल्लीत कांदा बघायला मिळत नव्हता, म्हणून पिठलं बिनकांद्याचं. आंटींनी दोनदा घेतलं.

पौर्णिमेला बायका आल्या, सतरंज्या पसरल्या, ढोलकी वाजली. कांताला ती भजनं येत नव्हती. ती मागे बसून टाळ्या देत होती आणि मनात आपलंच म्हणत होती. गवत अजून जागोजागी विरळ होतं, एका कोपऱ्यात पिवळं होतं. पण कापलेलं होतं आणि सकाळच्या पाण्यानं ओलं होतं. मुरलीधर मानेसरहून रजा काढून आला होता. त्यानं डाव्या बाजूची ती खीळ वाकून बघितली, पुन्हा बघितली, आणि बायकोला एवढंच म्हणाला, "वर्कशॉपात असतीस तर मी तुझ्या हाताखाली असतो."

"आता तरी काय वेगळं आहे?" कांता म्हणाली.

प्रसाद वाटून झाल्यावर आंटींनी हरीशला हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "उस कंपनी वालों को मना कर दे. बोल दे, यहां लोग रहते हैं."

"मार्च तक?" हरीशनं विचारलं.

"मार्च की क्या बात करता है! लड़की कॉलेज भी तो जाएगी."

प्रज्ञानं आईकडे बघितलं. कांता सतरंजीची घडी घालत होती आणि घडी काही केल्या जुळत नव्हती.

मार्चमध्ये, पहिल्या पेपरच्या सकाळी, प्रज्ञा देवाला आणि आईला नमस्कार करून शाळेत गेली. तीच शाळा, तेच फाटक. ती वळणापलीकडे जाईपर्यंत कांता उभी राहिली. मग बाजारातल्या बूथवर गेली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आंटींना फोन करायचा, असं आता ठरून गेलं होतं.

"लड़की गई पेपर को?" आंटींनी विचारलं. "अच्छा, और कुंडियां कैसी हैं?"

"कौन सी, आंटीजी?" कांता म्हणाली. "आपकी कि मेरी?"